सुई दीडवर पाहिजे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येच कोणी खिदळलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवते.

कारण हे खरं आहे.

कुणाच्या मैत्रिणीच्या चुलतभावाचं वगैरे नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. नेजला आत्या. ती अजून त्याच घरात राहते, आणि तो कॉम्बी, घर तापवणारा गॅसचा बॉयलर, अजून त्याच भिंतीवर आहे. पत्ता देते. जा, बघून या.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इथलीच, आपल्या एर्झुरुम शहरातली. यिल्दिझकेंत वस्तीच्या मागच्या अंगाला ती पाच मजली पिवळी इमारत आहे ना, ती.

आणि रात्रबित्र नव्हती हं. भूत म्हटलं की तुम्हाला लगेच रात्रीचे बारा लागतात. इथे दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर ऊन होतं. आपलं ते डिसेंबरचं ऊन, दिसतं पण लागत नाही.

उणे बावीस.

आता आधी आत्या कशी आहे ते ऐका, नाहीतर पुढचं पटणार नाही.

आत्या सत्तेचाळीस वर्षांची. घरी बसून रजया शिवते. नवऱ्याला सोडलं आणि स्वतःच्या कमाईवर तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या मोठ्या भावाला, ते अजून पचलेलं नाही. दर महिन्याला फोन.

"नेजला, एकटीने कशाला राहतेस? आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे."

"मागची खोली पाहुण्यांना दे, शाकिरदादा. मी माझ्या घरात बरी आहे."

त्या मागच्या खोलीच्या नावानेच तिचं डोकं फिरतं. बाबांच्या घरात गेली की ती पुन्हा कोणाची तरी बहीण होऊन बसणार, हे तिला पक्कं माहीत.

तर, घर तिसऱ्या मजल्यावर. वर चौथ्यावर सहा माणसांचं कुटुंब, त्यांचा कॉम्बी दिवसरात्र चालू. खाली दुसऱ्यावर बेहिजे मावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, मुलगा जर्मनीत. तिचाही कॉम्बी दिवसरात्र चालू, गुडघ्यांसाठी.

आणि मध्ये आत्या.

मधल्या मजल्याची मजा तुम्हाला काय सांगायची! डोक्यावर ऊब, पायाखाली ऊब. घरातला जुना कॉम्बी तिने पेटवलाच नाही. आपल्याकडे मधल्या मजल्यावरची निम्मी माणसं हेच करतात, आता तोंडं लपवू नका.

पण बेहिजे मावशीला कळलं. कळणारच. तिचं छत गार पडायला लागलं ना.

जिन्यात गाठलं तिने आत्याला.

"काय गं, तुझ्या घरात कॉम्बी आहे की शोभेचं कपाट? माझी सगळी ऊब छतातून तुझ्या पायाखाली जाते! मी इथे गारठते आणि तू वर अनवाणी नाचतेस!"

"मावशी, ऊब वर जाते त्याला मी काय करू? तिला सांगा ना खाली थांबायला."

"उबचोर!"

पाचही मजल्यांनी ऐकलं.

झालं. त्या दिवसापासून आत्याने हट्टच धरला. आता पेटवला तर म्हातारीला भिऊन पेटवला असं होईल! मग पेटवायचाच नाही.

म्हातारी काय कमी होती? रोज दुपारी साडेतीनला, ऊन तिच्या खिडकीवरून हललं की, ती कोचावर बसल्या बसल्या झाडूचा लांब दांडा छताला मारायची.

ठक. ठक. ठक.

म्हणजे, पेटव.

आणि आत्या वरून टाच आपटायची.

धप. धप.

म्हणजे, नाही.

तीन हिवाळे हे चाललं. वरच्या घरातली पोरं त्यावरून वेळ ओळखून अभ्यासाला बसायची म्हणे. भांडण राहिलं नव्हतं ते. सवय झाली होती.

मग नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार आला.

साडेतीन वाजले. ठक ठक ठक.

आत्या रजईत कापूस भरत होती. न उठता टाच आपटली. धप धप.

पुन्हा ठक ठक ठक.

"आज काय चेव आलाय म्हातारीला?" धप धप.

पुन्हा...

आता हळू. ठक... ठक... मग बराच वेळ काही नाही... आणि ठक.

आत्याने उठून, दोन्ही टाचांनी, खिडकीतला चहाचा पेला थरथरेल इतक्या जोरात आपटलं.

धप! धप!

मग शांतता.

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजले. काही नाही.

तिसऱ्या दिवशीही काही नाही. खरं तर आत्याला बरं वाटायला हवं होतं. ती टाच उचलून बसून राहिली, आणि मग जिना उतरून खाली गेली. बेल वाजवली. मग वॉचमनला बोलावलं.

बेहिजे मावशी कोचावर होती. अंगात ओव्हरकोट. पायांवर दोन रजया. मांडीवर झाडू.

घर बाहेरच्याइतकंच गार. कॉम्बी बंद.

त्या इमारतीतले सगळे कॉम्बी रिफ्की मिस्त्री बघतो. तो कॉम्बीसमोर उभा राहून नुसती मान हलवत होता.

"पाणी कमी झालं होतं, बाई. एवढंच! ही दाबाची सुई शून्यावर आली की हा अडून बसतो. खालची ती काळी तोटी फिरवायची, सुई दीडवर आली की बंद करायची. अर्ध्या मिनिटाचं काम."

"मग तिने का नाही केलं?" आत्याने विचारलं.

"गुडघे. वाकता कुठे येत होतं तिला? फोनही बघा, टेबलावर राहिलाय. कोचावरून उठलीच नसेल. मला नेहमी म्हणायची, तोटीपर्यंत माझा हात पोचत नाही रे रिफ्की, वरच्या बाईला हाक मारावी लागेल."

आत्याने खाली मान घालून स्वतःच्या टाचांकडे बघितलं.

टाचेचं तिने कोणालाच सांगितलं नाही. बाबांना नाही, मिस्त्रीला नाही. मला सांगितलं, तेही एक वर्षाने, आणि तोंड फिरवून.

मुलगा आला, माती दिली, परत गेला. गॅसवाल्यांनी मीटरला तार बांधून सील लावलं. मिस्त्रीने खालच्या घरातले भिंतीवरचे गरम पाण्याचे रेडिएटर रिकामे केले, पाणी गोठून फुटू नयेत म्हणून. "एक थेंब ठेवला नाही," म्हणाला.

हे लक्षात ठेवा. एक थेंब ठेवला नाही.

आता खालची ऊब गेली. आत्याचं घर बर्फ झालं. दोन दोन मोजे घालूनही फरशी चावायची. एक दिवस केते पाव करायला पीठ मळलं तर स्वयंपाकघरात ते फुगेचना. दगड. वैतागून तिने परात उचलली, बाहेरच्या खोलीत नेली आणि जमिनीवरच ठेवली.

तासाभराने बघते तर...

पीठ परातीबाहेर उतू आलेलं.

तिने हात टेकवला. जमीन गरम होती.

सगळीकडे नाही. एका कोचाएवढी जागा. बरोब्बर तेवढीच. काठाच्या बाहेर बोट ठेवलं की बर्फ, आत ठेवलं की ऊब.

त्याच्या बरोबर खाली बेहिजे मावशीचा कोच.

खाली गॅस नाही. पाणी नाही. माणूस नाही.

तुम्ही काय केलं असतं? मी तर मोजे न घालता पळाले असते. आत्याने काय केलं माहितेय?

ती चिडली.

"मेलीस तरी टोमणे मारणं सोडू नकोस!" जमिनीकडे बघून ओरडली. "उबचोर म्हणालीस ना मला? मग ठेव तुझी ऊब तुझ्याकडे! मी माझी आणते!"

आणि त्याच दुपारी नवा कॉम्बी घ्यायला गेली, जुना तर न पेटवता कधीच मेला होता. मिस्त्रीला सोबत घेऊन.

दुकानातला माणूस तिला सगळ्यात मोठा दाखवायला लागला. "बाई, पस्तीस किलोवॅटचा घ्या. ताकद बघा याची! एर्झुरुमची थंडी आहे."

मिस्त्रीने नाक मुरडलं. "सहा रेडिएटर, एक बाथरूम, एक बाई. हमाम काढायचाय का तिला? चोवीसचा पुरे. मोठा घेतला की सारखा पेटतो, सारखा विझतो, आणि लवकर मरतो."

"जुना बाल्कनीत होता, तिथेच बसवा," आत्या म्हणाली.

"म्हणून तर मेला तो. बाल्कनीत पाण्याची नळी गोठते. स्वयंपाकघरात बसवू, सांडपाण्याची नळीही आतूनच काढू. आणि नीट ऐका. बाहेर जाताना बंद करायचा नाही, कमी करायचा. रेडिएटरचं डोकं गार राहिलं तर चावीने हवा काढायची. वर्षातून एकदा मी उघडून साफ करणार, 'चालतोय ना मग कशाला' हे मला ऐकवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं..."

"सुई दीडवर पाहिजे," आत्या म्हणाली. "माहीत आहे मला."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं.

बाबांना कळल्यावर ते लगेच आले. गालात साखरेचा खडा धरून चहाचे घोट घेत बसले. मीही होते तेव्हा.

"खालचं घर रिकामं. अशा थंडीत एक मशीन बंद पडलं तर तुझं काय होईल? ती म्हातारी बघितलीस ना?"

आत्याचा चेहरा एकदम पडला. पण आवाज तसाच.

"माझा बंद पडणार नाही."

"पडला तर?"

"पडला तर तुझ्या मागच्या खोलीत येते. घर विकून टाक. चालेल?"

"शब्द?"

"शब्द."

बघा, शब्द देऊन बसली. एकदा बंद पडला की संपलं.

अकरा दिवस कॉम्बी छान चालला. आत्याने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर खोलीचं तापमान वीसवर ठेवलं होतं. वीस म्हणजे वीस. ती गरम जागाही गार पडली, बाकीच्या फरशीसारखी. आत्याला वाटलं, जिंकले.

बाराव्या दिवशी...

आत्या शिवत होती. ऊन खिडकीवरून हललं.

स्वयंपाकघरातली ती बारीक घरघर असते ना, कॉम्बीची? ती थांबली.

आणि जमिनीखालून...

ठक.

ठक.

ठक.

आत्या स्वयंपाकघरात गेली. सुई शून्यावर. सकाळी दीडवर होती, तिने स्वतः बघितली होती.

ती वाकली. तोटी फिरवली. पाणी सळसळत आत गेलं, सुई चढली, दीडवर आली. तोटी बंद. कॉम्बी पेटला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला... शून्य. ठक ठक ठक.

तिसऱ्या दिवशी... तेच.

तिने मिस्त्रीला बोलावलं. ठोक्यांचं बोलली नाही. बोलली असती तर संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर गेलं असतं, की बाईला भास होतात, एकटं ठेवू नका. एवढंच म्हणाली, "पाणी उतरतंय."

मिस्त्रीने प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपर ठेवला. सहाच्या सहा रेडिएटर. कॉम्बीच्या पोटाखाली. तासभर थांबला. एकही कागद ओला झाला नाही.

"नवा आहे, कुठे गळत नाही, आतली हवेची टाकीही ठीक. मग पाणी जातं कुठे? पितो की काय हा?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "बघू, पाइपात आवाज येतो का." गुडघे टेकून त्याने रेडिएटरजवळ जमिनीला कान लावला.

हसणं थांबलं.

"काय झालं?"

"बाई... खालचे रेडिएटर मी रिकामे केलेत."

"हो."

"मी स्वतः केलेत. एक थेंब..."

तो उठला. हत्यारांची बॅग उचलली. चहा अर्धा, साखरेचा खडा बशीत तसाच. दारातून म्हणाला, "रोज सुई बघत जा," आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेला. खाली नाही हो. वर! पाचव्या मजल्यावर जाऊन तिथून लिफ्टने उतरला. दुसऱ्या मजल्यावरून चालत जायचं नव्हतं त्याला.

तेवढ्यात बाबांचा फोन. "रविवारी तीनला येतो. अंधार पडेपर्यंत बसणार आहे. बघू तुझा कॉम्बी."

आलं ना लक्षात? बाबा समोर बसलेले असणार, आणि साडेतीनला तो त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडणार.

आत्या म्हणाली, "तीनला नको, चारला ये. केते गरम मिळतील."

आणि रविवारी सव्वातीनला तिने ड्रॉवरमधून एक किल्ली काढली.

बेहिजे मावशीच्या घराची. जिन्यातल्या भांडणाच्या खूप आधी मावशीनेच दिली होती ती, शेजारणीकडे एक असावी म्हणून. इतकं सगळं होऊनही मावशीने ती परत मागितली नव्हती. आत्यानेही कधी परत केली नव्हती.

आत्याने स्वतःच्या घराला कुलूप लावलं. हे पण लक्षात ठेवा. दोनदा किल्ली फिरवून कुलूप लावलं. आणि खाली गेली.

दार उघडलं.

आत तोंडातून वाफ येत होती, इतकी थंडी. पडदे अर्धवट ओढलेले. खिडकीत उन्हाची एकच पट्टी उरली होती. गॅसच्या मीटरला तार तशीच, सील तसंच. कॉम्बीची वायर भिंतीतून काढून ठेवलेली, त्याचा स्क्रीन काळा.

आणि सुई...

दीडवर.

आत्याने रेडिएटरला हात लावला, आणि लगेच काढला.

गरम होता. आत पाणी गुळगुळत होतं.

गेले चार दिवस तिच्या कॉम्बीतलं पाणी कुठे जात होतं ते तिला कळलं.

ती मागे वळली. कोच. कोचावर झाडू. तिने वर बघितलं.

छतावर खड्डे पडले होते. लहान लहान, गोल. शेकडो. तीन हिवाळ्यांचे. एका जागी चुना उडून आतलं सिमेंट दिसत होतं. वरून तिला कधी वाटलंच नव्हतं की इतके असतील.

पण आत्या ती आत्या. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐक, बेहिजे मावशी. मी आलेय. काय म्हणायचंय ते तोंडावर म्हण! मी भीत नाही तुला. जिवंत होतीस तेव्हा भ्याले नाही, आता काय भिणार? हे पाणी माझं. ही ऊब माझी. माझं घर मी माझ्या हातांनी घेतलंय आणि ते मी कोणाच्या भावाला देणार नाही, कोणाच्या भुताला देणार नाही! तुला त्या दिवशी... तुला मी..."

तिथे तिचं अडलं.

घड्याळ नव्हतं, काही नव्हतं. उन्हाची पट्टी खिडकीवरून सरकली... आणि गेली.

साडेतीन.

आज ठोके नाहीत. नुसती शांतता. वाट बघितल्यासारखी.

आत्याने का केलं ते तिला आजही सांगता येत नाही. तिने झाडू उचलला. कोचावर बसली. आणि दांडा छताला मारला.

ठक. ठक. ठक.

आणि वरून...

तिच्या स्वतःच्या, रिकाम्या, दोनदा कुलूप घातलेल्या घरातून...

धप. धप.

नाही.

माझ्या अंगावर आत्ताही काटा आला, हे बघा.

तिचीच टाच. तिचाच ठेका. पहिली जरा हलकी, दुसरी जोरात. स्वतःचं पाऊल माणसाला कळतं ना?

"कोण आहे वर?" तिने पुन्हा मारलं. ठक ठक ठक.

धप. धप.

आणि खोली गार व्हायला लागली. आधीच गार होती ती, त्यापेक्षाही. रेडिएटरमधली गुळगुळ बंद झाली. कॉम्बीची सुई दीडवरून एकवर आली, अर्ध्यावर, मग शून्यावर. आत्या उठायला गेली तर गुडघे हलेनात. पायच नाहीत असं झालं. तिने पुन्हा झाडू उचलला. हात जड झाला होता.

ठक... ठक...

बराच वेळ.

ठक.

वरून दोन्ही टाचा. जोरात.

धप! धप!

तेव्हा तिला कळलं, खालून ते कसं ऐकू येतं.

आत्या रडली नाही. ती सांगते, रडले नाही, आणि मी मानते. ती कोचावरून खाली पडली, मुद्दाम. कोपरांवर सरपटत स्वयंपाकघरात गेली. दात वाजत होते आणि ती दातांमधून शिव्या देत होती, स्वतःला, म्हातारीला, कॉम्बी बनवणाऱ्याला.

"इतक्या खाली कोणी तोटी ठेवतं का, मेल्यांनो!"

हात वर केला. काळी तोटी सापडली. फिरवली.

मुख्य नळ बंद होता त्या घराचा. तरी पाणी आलं. सळसळत आलं.

अर्धा. एक. दीड.

तिने तोटी बंद केली.

"घे," म्हणाली. "आले मी. उशिरा आले. पण आले."

गुडघे सुटले. खोली नुसती गार राहिली, साधी, रिकाम्या घरासारखी. रेडिएटर गार. तिने झाडू कोचावर होता तसा ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि वर आली.

जिन्यातच आम्ही भेटलो. बाबा, आई, मी. चारला दहा कमी होते.

"कुठे गेली होतीस?"

"कचरा टाकायला."

तिने दोनदा किल्ली फिरवून दार उघडलं. आत... ऊब. अशी ऊब की बाबांनी दारातच कोट काढला, मग स्वेटर काढला.

"अगं, हमाम केलायस घराचा! कितीवर ठेवलाय?"

"वीस," आत्या म्हणाली, आणि भिंतीकडे बघितलं.

चोवीस.

ती स्वयंपाकघरात गेली, मी तिच्या मागे. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला फक्त दिसलं की आत्या कॉम्बीखाली वाकून बघतेय आणि तिचा चेहरा पांढरा पडलाय.

सुई दीडवर होती. आणि काळ्या तोटीच्या टोकाला एक थेंब लटकत होता. नुकतीच कोणी तरी फिरवली होती ती.

कोणी तरी वाकलं होतं.

बाबा चहा प्यायले, चार केते खाल्ले, दर पाच मिनिटांनी कॉम्बीकडे कान लावला. साडेपाच वाजले. बाहेर काळोख. कॉम्बी घरघरत होता.

"मग?" आत्या म्हणाली. "बंद पडला?"

"नाही."

"मग कप ठेव आणि निघ, दादा. रस्ता घसरडा आहे."

त्यानंतर मागच्या खोलीचं नाव कोणी काढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, सुटली म्हातारी. मलाही तेच वाटलं होतं.

मी गेल्या जानेवारीत आत्याकडे चार दिवस राहिले. तेव्हाच तिने हे सगळं सांगितलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रोज साडेतीनला ती शिवण खाली ठेवते. जमिनीखालून ठक ठक ठक येतं. आत्या एकदाच टाच टेकवते. धप. म्हणजे, हो. मग स्वयंपाकघरात जाते, वाकते, तोटी फिरवते. परत येते तोपर्यंत भिंतीवर चोवीस झालेलं असतं.

"वीस, मावशी," ती जमिनीला सांगते आणि काटा खाली आणते. "घर माझं आहे."

मी म्हटलं, "आत्या, सोडून दे ना हे घर."

"का? मी गेले तर पाणी कोण भरणार?"

पण मला जे खातंय ते हे नाही.

निघायच्या दिवशी बर्फामुळे बस लवकर होती. आत्या मला सोडायला खाली येत होती. घराला कुलूप, दोनदा. आम्ही दोघी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पोचलो आणि माझं घड्याळात लक्ष गेलं.

साडेतीन.

बेहिजे मावशीच्या बंद दाराआडून...

ठक. ठक. ठक.

मी आत्याचा हात धरला. तिच्या दोन्ही टाचा माझ्या शेजारी, त्याच पायरीवर होत्या. मी बघत होते त्यांच्याकडे.

आणि वरून, आत्याच्या रिकाम्या घरातून...

धप.

एकदाच.

आत्याने मान वर केली आणि जिन्यात घुमेल अशा आवाजात ओरडली, "वीसच्या वर नेऊ नकोस, सांगून ठेवते!" मग मला म्हणाली, "चल, बस चुकेल."

बस मिळाली. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही.

वर जर बेहिजे मावशी होती, वाकून पाणी भरायला...

तर खाली, त्या कोचावर, कोण गारठलंय?